'रक्तातच नाही' म्हणणाऱ्यांचा हिशेब

मागच्या उन्हाळ्यात सेलूच्या एका सभागृहात बचत गटाच्या बायांसाठी 'आर्थिक नियोजन' या विषयावर शिबिर झालं. चहा-बिस्किटं होती, पडद्यावर रंगीत आलेख होते आणि नागपूरहून आलेले एक प्रशिक्षक होते. बोलायला चांगले होते. बोलता बोलता म्हणाले, "पैसा सांभाळणं काही समाजांच्या रक्तातच असतं. मारवाड्याचं पोरगं जन्मतःच हिशेब शिकून येतं. आपल्या लोकांच्या जीन्समध्ये ते नाही, म्हणून आपल्याला ते शिकून घ्यावं लागतं." बाया हसल्या. टाळ्याही वाजल्या. मागच्या रांगेत मी बसलो होतो आणि तेव्हा उठून बोललो नाही, याची मला अजून लाज वाटते.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. भीमनगरातली एक बाई उभी राहिली. "साहेब, माह्या पोरीले सिकल हाये. एस-एस. तिच्या नावानं विमा निघते का?"

साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "ताई, ते वैयक्तिक प्रकरण आहे. नंतर भेटा." नंतर ते जेवायला गेले आणि तिथूनच गाडीत बसले.

एकाच सकाळी एकाच सभागृहात जनुकाचा विषय दोनदा निघाला. जिथे जनुकाचा काही संबंध नव्हता तिथे त्याच्या नावावर सगळ्या समाजाची गरिबी खपवली. आणि खरोखरीचं जनुक, ज्याचं नाव-गाव विज्ञानाला पाऊणशे वर्षांपासून माहीत आहे, ते लेकीच्या रूपानं समोर आलं तेव्हा साहेबांकडे उत्तर नव्हतं. मला या दोन्हींचा हिशेब मांडायचा आहे.

आधी 'रक्तात नाही' याचा.

ज्यांना हे वाक्य निरुपद्रवी वाटतं त्यांनी मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडावा. शूद्र समर्थ असला तरी त्यानं धनाचा संचय करू नये, असा स्पष्ट नियम तिथे आहे. म्हणजे आज ज्याला आपण 'आर्थिक नियोजन' म्हणतो, उद्यासाठी चार पैसे बाजूला ठेवणं, तेच आपल्या पूर्वजांना धर्माच्या नावानं मना होतं. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक जाळलं गेलं ते उगाच नाही. ज्याला जमीन घेऊ दिली नाही, ज्याच्या वतनाचा मोबदला म्हणून दाराशी भाकरतुकडा टाकला, ज्याला सावकारही गहाण ठेवायला काही नाही म्हणून दारातून परत पाठवत असे, त्याच्या नातवाला आज सांगायचं की बचत तुझ्या रक्तातच नाही! पाय बांधून ठेवायचे आणि वर म्हणायचं, यांना पळायची सवय नाही.

आपल्या भागाचंच घ्या. नागपूर-वर्धा पट्ट्यातले महार जाडेभरडे कापड विणायचे. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि हातमाग बसला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा हेच विणकर गिरणीत मजूर म्हणून उभे राहिले. पुढे गिरण्याही बंद पडल्या. दोन पिढ्यांत दोनदा धंदा बुडालेल्या घरात शिल्लक का नाही, हे कळायला डीएनए तपासावा लागत नाही. आणि मारवाड्याच्या पोराला दुकानाचा गल्ला, बापाची पत आणि गावोगावच्या नातलगांची हुंडी वारशानं मिळते. वारसा आहेच. पण तो रक्तातून येत नाही, चोपडीतून येतो.

प्रशिक्षक बिचारे एकटे नाहीत. त्यांच्या बोलण्याला आता विद्यापीठीय वस्त्रंही मिळू लागली आहेत, म्हणून त्याचाही समाचार घ्यायला हवा. २०२० साली डॅनियल बार्थ, निकोलस पापाजॉर्ज आणि केव्हिन थॉम या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी' या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. शिक्षणाशी संबंध असलेल्या असंख्य जनुकीय फरकांची बेरीज करून माणसाला एक गुणांक द्यायचा आणि तो गुणांक निवृत्तीच्या वयातल्या संपत्तीशी जुळतो का ते पाहायचं, असा तो उद्योग. त्यांना तो जुळलेला दिसला. ज्यांचा गुणांक जास्त त्यांच्याकडे संपत्ती जास्त, शेअर बाजारात पैसे घालण्याचं प्रमाण जास्त, अर्थव्यवस्थेचं पुढे काय होईल याबद्दलचे अंदाज कमी टोकाचे, आणि नियोजन लांबच्या मुदतीचं. असा निबंध आला की आपल्याकडचे सनातनी लगेच खूश होतात. पाहा, आम्ही म्हणतच होतो!

पण त्याच निबंधात दोन गोष्टी आहेत ज्या ते वाचत नाहीत. एक, ही सगळी माणसं पन्नाशी ओलांडलेली, युरोपीय वंशाची अमेरिकन आहेत. असा गुणांक एका लोकसमूहावरून काढून दुसऱ्या लोकसमूहाला लावता येत नाही, हे या क्षेत्रातले लोकच सांगतात. सेलूच्या बाईला तर नाहीच नाही. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ज्यांना नोकरीतून ठरावीक रकमेची पेन्शन मिळत होती, त्यांच्या बाबतीत गुणांक आणि संपत्ती यांचं नातं क्षीण झालेलं त्यांना दिसलं. म्हणजे म्हातारपणाचे पैसे कुठे गुंतवायचे ही डोकेफोड माणसावर टाकली नाही की जनुकाचा तथाकथित प्रभाव ओसरतो. ज्याला ते 'रक्त' म्हणतात, ते एका पेन्शनपुढे फिकं पडतं. आणि आपल्या सरकारनं काय केलं? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन काढली आणि सांगितलं, आता बाजार बघा. आरक्षणातून पहिल्यांदाच नोकरीत शिरलेली आपली पिढी त्याच सुमारास कामाला लागत होती, हेही लक्षात ठेवा.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात हा वंशशुद्धीचा मुद्दा थेट अंगावर घेतला होता. त्या काळात सुप्रजननशास्त्राची जगभर हवा होती आणि जातीचे समर्थक त्याचाच आधार घेऊन म्हणत होते की जात म्हणजे रक्त शुद्ध ठेवण्याची शास्त्रीय व्यवस्था. बाबासाहेबांनी विचारलं, पंजाबच्या ब्राह्मणाचं मद्रासच्या ब्राह्मणाशी वंशानं काय नातं? तो पंजाबच्याच चांभाराला वंशानं जास्त जवळचा नाही का? आणि जात खरोखर सुप्रजननाची व्यवस्था असेल तर तिनं निपजवलेल्या माणसांची शरीरयष्टी अशी का, हेही त्यांनी सुनावलं. नव्वद वर्षं झाली. त्या प्रश्नांची उत्तरं अजून कुणी दिलेली नाहीत. फक्त 'वंश' शब्दाच्या जागी 'जीन्स' आला.

आता खऱ्या जनुकाकडे येतो.

सिकलसेल हा आजार आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही, तरी बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक बदल. आई किंवा बाप एकाकडूनच आला तर माणूस वाहक, ए-एस. त्याला आजार नसतो. उलट मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून तर मलेरियाच्या मुलखात हे जनुक हजारो वर्षं टिकलं. दोघांकडून आला तर एस-एस, म्हणजे रुग्ण. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडं अशी दुखतात की पोरगं जमिनीवर लोळतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक.

अमेरिकेत १९१० साली हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं, त्यात महारांमधल्या सिकलची नोंद होती. तारीख पाहा. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. म्हणजे ज्या वर्षांत आपण जातीचा जुना शिक्का टाकून दिला, त्याच वर्षांत आपल्या रक्तावरचा हा दुसरा शिक्का वाचला गेला. हा आजार आपल्या एकट्यांचा नाही. गोंड, परधान यांच्यात आहे, काही ओबीसी जातींतही आहे. तरी आपल्याकडे कितीतरी शिकलेली घरं 'आमच्यात नाही' म्हणून दार लावून घेतात. शहरात फ्लॅट घेतलेल्या बांधवांनाही मी हे सांगतो, रक्त तालुक्यातच सोडून जाता येत नाही.

जनुक सापडलं की समाज त्याचं काय करतो, हे अमेरिकेनं आधीच दाखवून ठेवलंय. दोनदा नोबेल मिळालेले लायनस पॉलिंग, ज्यांनी १९४९ मध्ये या आजाराचं रेणूच्या पातळीवरचं कारण शोधलं, त्यांनीच १९६८ मध्ये सुचवलं की सिकलचं जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडणार नाहीत. हेतू चांगला होता म्हणे. पेशवाईत गळ्यातल्या मडक्याचाही हेतू कुणीतरी चांगलाच सांगितला असेल. पुढे १९७० च्या दशकात अनेक राज्यांनी काळ्या लोकांची तपासणी सक्तीची केली आणि आजार नसलेल्या वाहकांनाही नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढवले गेले. तिथल्या वायुसेनेच्या अकादमीनं १९८१ पर्यंत वाहकांना घेतलं नाही. याच्या विरोधात उभे राहिले ते ब्लॅक पँथर. १९७१ पासून त्यांनी वस्त्यावस्त्यांत स्वतः मोफत तपासणी सुरू केली, कारण त्यांचं म्हणणं होतं की आमच्या रक्ताची माहिती आधी आमच्या हातात पाहिजे.

आपल्या दलित पँथरनं १९७२ मध्ये त्यांच्याकडून नाव घेतलं, आग घेतली. सिकलसेल मात्र आपल्या चळवळीच्या जाहीरनाम्यात कधी वरच्या ओळीत आला नाही. हे काम केलं ते नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्यांनी. स्वतःच्या घरात हा आजार आला तेव्हा त्यांनी सोसायटी उभी केली, सरकारच्या दारात वर्षानुवर्षं खेटे घातले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या जयंतीच्या किती बॅनरवर त्यांचा फोटो पाहिलाय तुम्ही?

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो, जे साहेबांनी दिलं नाही. विमा निघतो का?

कायदा काय म्हणतो ते पाहू. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं जयप्रकाश तायल यांच्या प्रकरणात सांगितलं की 'जनुकीय विकार' अशी सरसकट पळवाट ठेवून आरोग्य विम्याचा दावा नाकारणं हे राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ च्या विरोधात आहे. प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं, पण सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामकानं स्वतःच मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ज्या अटी कंपन्यांना पॉलिसीत घालता येणार नाहीत त्यांच्या यादीत जनुकीय आजारांचा समावेश केला. वाचून बरं वाटतं. पण त्याच सूचनांत पुढे आणखी एक यादी आहे. हे आजार आधीपासून असतील तर कंपनी ते कायमचे वगळू शकते, अशा आजारांची. त्या यादीत सिकलसेल नाही. पण हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊन हाड मरतं तो आजार, अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, आहे. आता सिकलच्या रुग्णाला विचारा, विशी-तिशीत त्याच्या खुब्याचं काय होतं. नेमकं हेच होतं! सिकलमुळे खुब्याचं हाड सुकतं आणि सांधा बदलायची वेळ येते. म्हणजे पुढच्या दारावर 'जनुकीय भेदभाव नाही' अशी पाटी, आणि सगळ्यात महाग शस्त्रक्रियेसाठी मागचं दार बंद.

शिवाय आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत. ती चार वर्षांपर्यंत होती, २०२४ मध्ये तीन वर्षांवर आणली. तीन वर्षं हप्ते भरा, मग तुमचा आजार आम्ही आजार मानू. आणि त्याआधी पॉलिसी द्यायची की नाही हे कंपनीच ठरवणार, हप्ता किती तेही कंपनीच. आयुर्विम्यात तर जनुकावरून भेदभाव करू नये असा कायदाच आपल्या देशात नाही. अमेरिकेत २००८ मध्ये झाला, पण त्यांनीही आरोग्य विमा आणि नोकरी एवढंच झाकलं, आयुर्विमा उघडाच ठेवला.

तर ताई, उत्तर असं आहे: तुमच्या लेकीचा विमा कागदावर निघू शकतो. तुमच्या पैशात निघणारा नाही.

कुणी म्हणेल, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना, पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. आहे, आणि ती चांगली आहे, तिच्यामुळे माणसं वाचली आहेत. पण ती दवाखान्याचं बिल भरते. सिकलचं दिवाळं दवाखान्याच्या बिलात निघत नाही, मजुरीत निघतं. जरा आकडेमोड करून पाहू. आकडे मी समजुतीसाठी घेतोय, तुम्ही आपापल्या घरचे घाला. समजा पोरीला वर्षात तीनदा दुखणं आलं, दर वेळी आठ दिवस. तिची आई सोबत थांबली. दोघींचे मिळून ४८ दिवस गेले. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये आहे. ४८ दिवसांचे झाले १४,९७६ रुपये. यात सेवाग्रामला किंवा नागपूरला जाण्याचं भाडं नाही, बाहेरचं जेवण नाही, आणि कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत दुखणं आलं तर हातचा जो हंगाम गेला तो नाही. याला कुठली पॉलिसी नाही. मग गटाचं कर्ज, मग गटाच्या कर्जाचा हप्ता भरायला फायनान्सवाल्याचं कर्ज. साहेबांच्या पडद्यावर याच कर्जाला 'अनुत्पादक कर्ज' म्हटलं होतं आणि त्यावर लाल फुली होती.

संजय गांधी निराधार योजनेतून सिकलच्या रुग्णाला अनुदान मिळू शकतं. दिव्यांगांसाठी ते दीड हजार होतं, २०२५ मध्ये अडीच हजार करायचा निर्णय झाला. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. त्याच ३१२ च्या दरानं नवरा-बायकोनं मिळून वर्षात १६० दिवस काम केलं तर ४९,९२० होतात. बसतात. १६१ वा दिवस काम केलं की ५०,२३२. बाहेर! म्हणजे दोघांनी प्रत्येकी ऐंशी दिवसांपेक्षा जास्त कष्ट करायचे नाहीत, तर लेकीला अनुदान. तहसीलमधला कारकून समजूतदार असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा खाली लिहून देतो, आणि मग आपण त्याचे आभार मानायचे. प्रामाणिक माणसाला खोटं लिहायला लावणारी ही योजना आहे, आणि वर आपल्यालाच शिस्तीचे धडे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलला दिव्यांगत्वाचा दर्जा मिळाला. मोठी गोष्ट झाली. पण तिथेही खोच आहे. शिक्षणात पाच टक्के जागा, त्यात सिकलचा रुग्ण येऊ शकतो. सरकारी नोकरीत चार टक्के जागा, त्या ज्या प्रवर्गांना वाटून दिल्यात त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल नाहीत. कॉलेजपर्यंत या, पुढे तुमचं तुम्ही बघा. ज्या आजारात उन्हातान्हातली अंगमेहनत जीवावर बेतते, ज्याला सावलीतली, पगारी रजा असलेली नोकरी औषधाइतकीच गरजेची आहे, त्यालाच नोकरीच्या कलमातून वगळलं. हे कलम लिहिणाऱ्यांनी सिकलचा एकही रुग्ण सोयाबीनच्या शेतात निंदताना पाहिला नसावा.

आणि दाखला? दुखणं येतं आणि जातं. ज्या दिवशी वर्ध्याला शिबिर असतं त्या दिवशी पोरगी आपल्या पायानं चालत जाते. डॉक्टर विचारतात, हिला काय झालं?

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा, सात कोटी लोकांची तपासणी करायची. भर आदिवासी भागांवर, ते योग्यच आहे. तपासणी जोरात झाली, कार्डं वाटली. मी तपासणीच्या विरोधात नाही. माझ्या वस्तीत मी स्वतः लोकांना हाताला धरून नेलंय. पण कार्ड मिळालं, पुढे काय? पुढे एकच सल्ला: लग्नाआधी कार्डं जुळवा. कुंडली नको, कार्ड बघा. ऐकायला पुरोगामी वाटतं. वस्तीत काय होतं ते ऐका. वाहक मुलाचं लग्न कार्ड न दाखवता होतं. वाहक मुलीचं कार्ड मात्र पाहुण्यांच्या घरी आधी पोचतं, आणि जिला कसलाही आजार नाही ती पोरगी 'सिकलवाली' म्हणून घरी बसते. पॉलिंगचं गोंदण आपण कपाळाऐवजी कागदावर काढलं, एवढाच फरक.

जी गोष्ट त्या अभियानाच्या एकाही पोस्टरवर मला दिसली नाही ती मी लिहितो. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितलं होतं की जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न. आता हा साधा गुणाकार करा. समजा एका जातीत शंभरात वीस वाहक आहेत. लग्नं जातीतच झाली तर शंभरातल्या चार जोडप्यांत दोघंही वाहक निघतील, आणि शंभर बाळांमागे एक रुग्ण. तीच मुलं-मुली सिकल नसलेल्या समाजात लग्न करू लागली तर त्या लग्नांतून रुग्ण बाळ जन्मणार नाही. जनुक राहील, वाहक राहतील, पण पोरं लोळणार नाहीत. म्हणजे सिकलवर जातीअंत हा एक उपायच आहे, आणि तो हजार कार्डांपेक्षा जुना आहे. आंतरजातीय लग्नाला राज्य सरकार देतं ५० हजार रुपये, आणि तेही मिळायला जोडप्याला किती चपला झिजवाव्या लागतात ते विचारा. मग सांगा, रक्त शुद्ध ठेवणाऱ्या व्यवस्थेनं रक्ताचं काय केलं?

अर्थात आज ज्या पोरीला सिकल आहे तिला उद्याच्या आंतरजातीय लग्नांचा उपयोग नाही. तिला आज पैसा लागतो, आणि त्याचीही वाट बाबासाहेबांनी दाखवून ठेवलीय. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात त्यांनी म्हटलं होतं की विमा हा सरकारचाच धंदा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या मानानं विमा सक्तीचा असावा. यातली मेख ओळखा. सक्ती सगळ्यांना असेल आणि हप्ता कमाईवरून ठरत असेल, तर रक्त तपासून कुणाला वगळायचा प्रश्नच उरत नाही. निरोगी आणि आजारी, दोघं एकाच खात्यात. खासगी कंपनीचा सगळा धंदा याच्या उलट: धडधाकट वेचून घ्यायचे, दुखणेकरी बाहेर ठेवायचे. २०२१ मध्ये या धंद्यात परदेशी भांडवलाची मर्यादा ७४ टक्क्यांवर नेली तेव्हा आपल्या किती नेत्यांनी १९४७ चा तो मसुदा काढून दाखवला?

हे स्वप्नरंजन आहे असं कुणी म्हणेल, म्हणून आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण देतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं १९८० च्या दशकात गावागावांत ज्वारीचा विमा चालवला. सुगीला प्रत्येक घरानं ज्वारी द्यायची, जमीन जास्त त्यानं जास्त, भूमिहीनानं थोडी. गावातली बहुसंख्य घरं आली तरच गाव योजनेत. मग ज्याला गरज लागेल त्याला उपचार. ज्वारी घेताना कुणी कुणाचं रक्त तपासलं नाही. ज्या मातीत लोकांनी ज्वारीवर विमा उभा केला, तिथल्या बायांना नागपूरहून येऊन कुणी सांगावं की नियोजन तुमच्या रक्तात नाही! ज्वारी गेली, सोयाबीन आलं, ती गोष्ट वेगळी.

आपल्या मागण्या मोठ्या नाहीत. सिकलच्या रुग्णासाठी निराधार योजनेतली ती ५०,००० ची अट काढा. दुखण्याच्या दिवसांची मजुरी द्या, रुग्णाची आणि सोबतच्या माणसाचीही. कारखान्यातल्या कामगाराला राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता मिळतो. त्या योजनेचा पाया बाबासाहेब मजूरमंत्री असताना घातला गेला होता. शेतमजुराला तो का नाही? नोकरीच्या कलमात रक्ताचे आजार घाला. आणि खुब्याचं मागचं दार उघडा. तहसीलदारांना निवेदन देण्यासाठी ज्यांना सोबत यायचं आहे त्यांनी वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी संध्याकाळी यावं. येताना नुसती सही आणू नका. घरातल्या गेल्या वर्षाच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब कागदावर मांडून आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा आम्ही लिहून घेऊ.

शिबिरातल्या त्या बाईकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. पोरगी बारावीला आहे, अकाउंट्स घेतलंय. एका वहीत तिनं आईच्या गटाचा सगळा हिशेब ठेवलाय, हप्ता, व्याज, दंड, तारखेसह. मी वही चाळत होतो तर आई म्हणाली, "भाऊ, थे साहेब म्हनत होते का आपल्या रक्तात हिशेब नाही. मंग हे कोनाच्या रक्तातून आलं?" पोरगी हसली. बुधवारी तिला घेऊन दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी वर्ध्याला जायचंय. दोन वर्षांची दवाखान्याची सगळी कागदं सोबत घ्यायची आहेत, म्हणजे कुणी विचारलं की हिला काय झालं, तर समोर ठेवता येतील.

जय भीम.